कोलोरेक्टल सर्जरीची फेलोशिप: इंदूरहून येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं

मी इंदूरचीच, रामबागेत वाढले, एमबीबीएस आणि एमएस दोन्ही इथल्या एमजीएम मेडिकल कॉलेजला, म्हणजे तरुणपणाची सगळी वर्षं त्याच्या एमवाय हॉस्पिटलच्या वॉर्डात गेली, आणि मग दोन वर्षं दक्षिणेत कोलोरेक्टलची फेलोशिप करून परत आले. तेव्हापासून दर आठवड्याला कोणा ना कोणाचा फोन असतोच, कधी ज्युनिअर रेसिडेंट, कधी त्यांच्या आई, कधी नात्यातले काका ज्यांना मुलाला 'पुढे काय' ते ठरवायचंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. ज्युनिअर्सना मी अरे-तुरेच करते, इथेही तसंच केलंय, मोठ्यांनी राग मानू नये.

ताई, कोलोरेक्टल सर्जन म्हणजे मूळव्याधीचे डॉक्टर ना?

मूळव्याध त्यात आहे, पण तेवढंच नाही. मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब, त्याच्या शेवटचे पंधराएक सेंटीमीटर म्हणजे रेक्टम, आणि त्याखाली चारेक सेंटीमीटरची गुदनलिका, या सगळ्या वाटेवर जे जे बिघडू शकतं ते आमचं काम. मूळव्याध, फिशर, भगंदर, आतड्याचा आणि रेक्टमचा कॅन्सर, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आतड्याला सूज आणणारे आजार, आतड्याला पीळ पडणं, अंग बाहेर येणं, वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ, आणि ज्याबद्दल कोणी बोलतच नाही तो त्रास म्हणजे शौचावरचा कंट्रोल जाणं.

या शेवटच्या गोष्टीसाठी मी या ब्रँचमध्ये आले असं म्हटलं तरी चालेल. माणूस कॅन्सर झाला हे घरात सांगतो पण कपडे खराब होतात हे बायकोलाही सांगत नाही, लग्नकार्याला जाणं बंद करतो, बसमध्ये बसत नाही, आणि घरच्यांना वाटतं की हल्ली स्वभाव चिडका झालाय.

एमएस जनरल सर्जरी केली की हे सगळं येतंच ना? मग वेगळी फेलोशिप कशाला?

एमएसच्या तीन वर्षांत हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय, थायरॉइड, ब्रेस्ट, ट्रॉमा, डायबेटिक फूट, सगळं करायचं असतं. एमवायसारख्या ठिकाणी इमर्जन्सी इतकी असते की रात्री परफोरेशनचं, म्हणजे आतड्याला भोक पडलेल्याचं, पोट उघडून आतडं बाहेर काढणं तू डोळे मिटून शिकतोस, आणि ते सोन्यासारखं ट्रेनिंग आहे, मी त्याला कधीच कमी लेखणार नाही. पण रेक्टमचं ऑपरेशन वेगळं. ओटीपोटाच्या हाडांच्या अरुंद पेल्यात, त्यातून पुरुष आणि जाडजूड पेशंट असला तर अजूनच अरुंद, मागे सेक्रमचं हाड, पुढे प्रोस्टेट नाहीतर योनी, दोन्ही बाजूंना लघवीच्या आणि लैंगिक कार्याच्या नसा, आणि या सगळ्यांच्या मधोमध रेक्टम त्याच्या चरबीच्या आवरणासकट अख्खं, कुठे न फाडता बाहेर काढायचं असतं.

त्या आवरणाला मेसोरेक्टम म्हणतात. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्डनी १९८२ साली दाखवून दिलं की हे आवरण पूर्ण, अखंड काढलं तर कॅन्सर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण खूप खाली येतं. त्याआधी बरेच सर्जन हातानं, अंदाजानं ते सोडवून काढायचे. म्हणजे औषध तेच, पेशंट तसाच, फरक फक्त सर्जनचा हात कुठल्या पदरातून चालला याचा. माझ्या मते या ब्रँचला वेगळं ट्रेनिंग का लागतं याचं उत्तर या एका गोष्टीत आहे. आणि हा पदर पुस्तकातल्या चित्रात दिसतो तसा टेबलवर दिसत नाही, कोणीतरी समोर उभं राहून 'इथे खेच, आता दिसतंय का ते पांढरं कोळ्याच्या जाळ्यासारखं, तिथेच राहा' असं पन्नास वेळा सांगावं लागतं.

भारतात यायचे रस्ते कोणते आहेत?

एमएस किंवा तिच्याच बरोबरीची डीएनबी जनरल सर्जरी झाल्यावर ढोबळमानानं असे रस्ते आहेत. पहिला म्हणजे नीट एसएस (सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा) देऊन एमसीएच किंवा डीआरएनबी सर्जिकल गॅस्ट्रो, म्हणजे पचनसंस्थेची सर्जरी, तीन वर्षं, त्यात लिव्हर, पॅन्क्रियाज, अन्ननलिका हे सगळं येतं आणि कोलोरेक्टल त्याचा एक भाग असतो. तसंच सर्जिकल ऑन्को, म्हणजे कॅन्सरची सर्जरी, तेही तीन वर्षं, तिथे आतड्याचा कॅन्सर भरपूर पण भगंदर, प्रोलॅप्स, कोलायटिस फारसं नाही. दुसरा रस्ता म्हणजे मोठ्या हॉस्पिटलांच्या आणि काही युनिव्हर्सिटींच्या स्वतःच्या पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, एक किंवा दोन वर्षं, फक्त कोलोरेक्टल. वेल्लोरच्या सीएमसीत कोलोरेक्टलचं वेगळं युनिट आहे, कॅन्सरसाठी मुंबईचं टाटा आहेच, आणि आता बऱ्याच मोठ्या शहरांतल्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांत कोलोरेक्टलचे वेगळे विभाग झालेत. तिसरा, एफएनबी मिनिमल ॲक्सेस, नॅशनल बोर्डाची दोन वर्षांची, त्यात दुर्बिणीचा हात बसतो पण विषय फक्त आतडी नसतो.

एक गोष्ट आईबाबांनी पण समजून घ्या. एमसीएच आणि डीआरएनबी या डिग्र्या आहेत, मेडिकल कौन्सिलच्या रजिस्टरवर जास्तीचं क्वालिफिकेशन म्हणून चढतात, मेडिकल कॉलेजात सुपरस्पेशालिटीची पोस्ट मिळायला त्या लागतात. हॉस्पिटलची फेलोशिप म्हणजे ट्रेनिंग, तिच्यानं हात तयार होतो, रजिस्टरवर काही चढत नाही. दोन्हींची किंमत आहे पण ती वेगवेगळ्या दुकानात चालते.

सर्जन्सच्या सोसायट्यांचे तीन-चार दिवसांचे फेलोशिप कोर्स असतात, ते केले तर चालेल का? नावापुढे लिहिता येतं म्हणे.

कर की, नक्की कर. आयएजीईएस या सर्जन्सच्या संघटनेचा ॲडव्हान्स्ड लॅप्रोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीच्या सर्जरीचा, कोर्स असतो, त्यात कोलोरेक्टलचा वेगळा कोर्स आहे, कोलोरेक्टल सर्जन्सची असोसिएशनही कोर्स घेते, मी स्वतः केलेत. तिथे मोठे सर्जन लाइव्ह ऑपरेट करताना दिसतात, प्रश्न विचारता येतात, ओळखी होतात. पण तीन दिवसांत तू बघतोस, करत नाहीस. ज्यानं दोन वर्षं रोज केलंय आणि ज्यानं तीन दिवस बघितलंय त्या दोघांच्या पाटीवर 'फेलो' हाच शब्द असतो आणि पेशंटला त्यातला फरक कळत नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते. पेशंटला कळत नाही म्हणूनच आपल्याला कळायला हवं. कोर्स करा, पण कोर्सच्या जोरावर लो रेक्टमला हात लावू नका.

एमसीएच करू की सरळ कोलोरेक्टल फेलोशिप?

मला विचारशील तर, मेडिकल कॉलेजात शिकवायचं असेल किंवा अजून विषय पक्का ठरत नसेल तर नीट एसएस दे, एमसीएच कर, आणि मग त्यावर एक वर्ष कोलोरेक्टल. हा सगळ्यात भक्कम रस्ता आहे आणि सगळ्यात लांब. पण तुला तीस-बत्तीसाव्या वर्षी पक्कं माहीत असेल की मला लिव्हर नकोय, पॅन्क्रियाज नकोय, मला हेच करायचंय, तर चांगल्या युनिटात दोन वर्षांची फेलोशिप ही एमसीएचपेक्षा जास्त कोलोरेक्टल शिकवते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. माझ्या बॅचचा एक मित्र एमसीएच करून आला, अप्रतिम सर्जन आहे, पण भगंदराची गुंतागुंतीची केस आली की अजून मला फोन करतो, आणि पॅन्क्रियाजचं काही असलं की मी त्याला. हे असंच असायला हवं.

एक चूक मात्र करू नकोस, नीट एसएसमध्ये मनासारखं नाही मिळालं म्हणून रागारागात मिळेल ती फेलोशिप उचलणं. सहा महिने एमवायला किंवा कुठे सिनिअर रेसिडेन्सी कर, तोपर्यंत युनिटं बघून ये.

फेलोशिप निवडताना काय काय विचारायचं?

हा प्रश्न सगळ्यात कमी जण विचारतात आणि सगळ्यात जास्त महत्त्वाचा हाच. लोक हॉस्पिटलचं नाव बघतात, रोबोट आहे का बघतात, शहर कुठलं बघतात. तू तिथे जा, शक्यतो आठवडाभर ऑब्झर्व्हर म्हणून राहा, आणि आत्ता तिथे जो फेलो आहे त्याला ड्यूटी संपल्यावर खाली चहाच्या टपरीवर घेऊन जा. बॉससमोर कोणी खरं बोलत नाही. त्याला विचार की गेल्या महिन्यात रेक्टमच्या किती केसेस झाल्या आणि त्यातल्या किती त्यानं स्वतः केल्या, स्वतः म्हणजे कॅमेरा धरला असं नाही, हातात एनर्जी डिव्हाइस, म्हणजे कापायचं यंत्र, कोणाच्या होतं. लॉगबुक दाखव म्हण.

मग विचार की मूळव्याध-भगंदराची ओपीडी कोण बघतं. काही ठिकाणी कॅन्सरचं काम इतकं मोठं असतं की खालचं काम कोणालाच नको असतं, आणि तू इंदूरला परत आलास की तुझ्या ओपीडीत दहातले आठ पेशंट त्याच खालच्या कामाचे असणार. कोलोनोस्कोपी शिकायला मिळते का, की ती फक्त गॅस्ट्रोवाले करतात. गुदमार्गाचे स्नायू बघायला एंडोॲनल अल्ट्रासाउंड आणि त्यांचा दाब मोजायला मॅनोमेट्री आहे का. एमआरआय बघायला रेडिऑलॉजिस्टबरोबर बसायला मिळतं का, कारण भगंदराचा आणि रेक्टमच्या कॅन्सरचा एमआरआय स्वतः वाचता आला नाही तर तू कायम दुसऱ्याच्या रिपोर्टवर ऑपरेट करशील. आठवड्याची ट्यूमर बोर्ड मीटिंग होते का, जिथे रेडिएशनवाले, मेडिकल ऑन्कोवाले, पॅथॉलॉजिस्ट सगळे बसून एकेक केस ठरवतात. स्टोमाची, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाची, काळजी घेणारी नर्स आहे का. आणि लीक झालेल्या केसची चर्चा उघड होते की दाराआड.

शेवटचं जे लिहिलंय ना, लीकचं, त्यावरून मला युनिट कळतं. जोडलेलं आतडं कधीतरी कुठेतरी गळणारच, जितका खाली जोड तितका धोका जास्त, जगातल्या सगळ्यात चांगल्या सर्जनचंही गळतं. जिथे ते लपवतात तिथे शिकायला काही नाही.

फेलोचा दिवस कसा असतो?

सकाळी साडेसहाला राउंड, आधी ऑपरेशनचे पेशंट, मग स्टोमावाले, मग कोलायटिसचे जे स्टिरॉइडवर आहेत आणि ज्यांचं पोट रोज दाबून बघायचं असतं की आज ऑपरेट करायची वेळ आली का. आठला थिएटर. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळ कधी होते कळत नाही.

एक दृश्य सांगते. रेक्टमचा कॅन्सर काढून झालाय, वरचं आतडं खाली आणून सर्क्युलर स्टेपलरनं जोडलंय, स्टेपलर हळूच फिरवत बाहेर काढला. आता कोणी बोलत नाही. बॉस स्टेपलर उघडून त्यातली आतड्याची दोन छोटी वेटोळी ट्रेमध्ये ठेवतात, बोटावर घालून बघतात, दोन्ही अंगठीसारखी पूर्ण गोल हवीत, कुठेही तुटलेली नकोत. मग ओटीपोटात सलाइन ओततात, जोड पाण्याखाली बुडवतात आणि मी खालून हवा भरते. सगळे जण पाण्याकडे बघत असतात. बुडबुडा आला नाही. तरीसुद्धा बॉस म्हणाले, अजून एकदा भर. दुसऱ्या वेळी पण नाही आला तेव्हा भूलतज्ज्ञांनी सुस्कारा सोडला तो मास्कमधून ऐकू आला. इतकं करूनसुद्धा त्या काकांना तात्पुरती इलिओस्टोमी, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून, दिली कारण जोड फार खाली होता आणि आधी रेडिएशन झालं होतं. ऑपरेशन छान झालं म्हणून मी तरी दिली नसती, आणि मी चूक ठरले असते की नसते ते कधीच कळणार नाही, पण तो निर्णय कसा घ्यायचा ते त्या दिवशी कळलं.

दुपारनंतर ओपीडी, संध्याकाळी पुन्हा राउंड, रात्री कॉल. पहिले तीन महिने झोप नाही हे गृहीत धर.

भगंदराला इतकं काय शिकायचं असतं? गल्लोगल्ली बोर्ड आहेत.

बोर्ड आहेत म्हणूनच शिकायचं. भगंदर म्हणजे गुदमार्गाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत झालेली बोगद्यासारखी वाट, आणि ती वाट कंट्रोलच्या स्नायूतून किती जाते यावर सगळं ठरतं. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमध्ये ॲलन पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली त्याचे चार प्रकार मांडले, ते आजही आम्ही वापरतो: दोन स्नायूंच्या मधून, बाहेरच्या स्नायूतून आरपार, स्नायूच्या वरून वळसा घेऊन, आणि स्नायूंच्या पूर्ण बाहेरून. पहिल्या साध्या प्रकारात वाट उघडून टाकली की पेशंट बरा. तेच जास्त स्नायूतून जाणाऱ्या प्रकारात केलं तर भगंदर बरं आणि पेशंट आयुष्यभरासाठी बरबाद.

माझ्याकडे खरगोनकडची एक बाई आली होती, चाळिशीची, कापूस वेचायला जाणारी. कुठेतरी दोनदा ऑपरेशन झालं होतं, कागद काही नव्हते. खुर्चीवर बसलीच नाही. मी म्हटलं बसा, तर म्हणाली उभीच बरी, खुर्ची खराब होईल. तपासलं तर बोटाला पुढच्या बाजूला स्नायू लागलाच नाही, जिथे घट्ट गोल कडं लागायला हवं तिथे मऊ खड्डा. तिला कंट्रोल जाऊ शकतो हे ऑपरेशनच्या आधी कोणी सांगितलंच नव्हतं, आणि झाल्यावर तिला वाटलं की हे असंच असतं. ते बोटाला न लागलेलं कडं मी अजून विसरले नाही.

म्हणून फेलोशिपमध्ये भगंदर शिकताना आधी थांबायला शिकवतात. आधी पू काढ, सेटॉनचा धागा सैल बांधून ठेव, सूज उतरू दे, एमआरआय बघ, मग ठरव, लिफ्ट करायचं की फ्लॅप (आतलं तोंड शेजारच्या अस्तरानं झाकणं) की अजून काही. लिफ्टचं तंत्र थायलंडच्या सर्जन्सनी २००७ मध्ये मांडलं, दोन स्नायूंच्या मधल्या पदरात जाऊन वाट बांधून कापायची, स्नायू न कापता. काही भगंदरं परत होतात. पेशंटला हे आधीच सांगायचं, परत झालं तर परत बघू, कंट्रोल गेला तर तो परत आणणं फार अवघड.

आणि हो, क्षारसूत्राबद्दल पण विचारतात. औषधी क्षाराचा लेप दिलेला धागा, हळूहळू वाट कापत आणि भरत नेतो, भगंदराचं वर्णन सुश्रुतात आहे आणि ही पद्धत आजही आयुर्वेदाचे शल्यतंत्रवाले करतात. मी त्याला नावं ठेवत नाही. प्रश्न तोच आहे, धागा कुठल्या स्नायूतून चाललाय हे बांधणाऱ्याला माहीत आहे का.

सगळ्यांना रक्त पडलं की मूळव्याधच सांगतात. फेलोशिपमध्ये यावर काही वेगळं शिकवतात का?

शिकवतात, आणि ते एका वाक्यात संपतं: बोट घालून तपासल्याशिवाय मूळव्याध म्हणायचं नाही. आपल्याकडे रेक्टमचा कॅन्सर पश्चिमेपेक्षा कमी आहे पण तिशी-चाळिशीतले पेशंट बरेच दिसतात, आणि त्यातले कितीतरी सहा-आठ महिने मलमं लावून आलेले असतात. गाठ बोटाला लागण्यासारखी असते. कोणी बोट घातलेलंच नसतं, पेशंट लाजला म्हणून किंवा डॉक्टर घाईत होता म्हणून.

उलटही आहे. खरी मूळव्याध असलेल्या बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पाणी, भाजीपाला, रोज रात्री इसबगोल, जे आपल्या नीमचच्या मंडीतून देशभर जातं, आणि संडासात मोबाइल घेऊन बसणं बंद, एवढ्यानं पुष्कळ जण बरे होतात, राहिलेल्यांतल्या बऱ्याच जणांना रबर बँडनं भागतं. ऑपरेशन न करणं हेसुद्धा शिकावं लागतं आणि त्याचं बिल होत नाही म्हणून ते शिकवणारे कमी असतात.

आपल्या देशातली अजून एक खास अडचण म्हणजे टीबी की क्रोन्स. दोन्हींना लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच बसायला आवडतं, स्कोपीत सारखे दिसतात, बायोप्सीही कधी कधी ठाम उत्तर देत नाही. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो. परदेशातल्या पुस्तकात याला दोन ओळी असतात, आपल्या फेलोला रोज हे बघावं लागतं, म्हणून मी म्हणते की एक तरी ट्रेनिंग भारतातच करा.

पोटावर पिशवी देण्याचं काम नर्सचं ना? सर्जनला त्यात काय?

हा प्रश्न एका हुशार रेसिडेंटनं विचारला होता म्हणून मुद्दाम घेतला. पिशवी कुठे येणार ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला बसवून, उभं करून, वाकवून पेननं मार्क करायचं असतं. झोपलेल्या पेशंटच्या सपाट पोटावर कुठेही बरं दिसतं, बसल्यावर तिथेच घडी पडते आणि पिशवी सुटते. मी एक पायरी जास्तीची करते, जमिनीवर चटई टाकून मांडी घालून बसायला सांगते, जेवायला बसतात तसं. आपल्याकडच्या आज्या परकराची नाडी कुठे बांधतात, काका पायजमा कुठे बांधतात ते त्यांच्याच कपड्यात बघते, खूण त्या नाडीवर येता कामा नये. आणि पेशंटला स्वतःला ती जागा मान खाली घालून दिसली पाहिजे, नाहीतर पिशवी बदलायला आयुष्यभर दुसरं कोणीतरी लागेल. पाच मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे कातडी सोलवटलेली माणसं मी बघितलीत.

परदेशात जाऊन करायचं असेल तर?

अमेरिकेत हा पूर्ण वेगळा बोर्डाचा विषय आहे, तिथली सोसायटी १८९९ पासूनची आणि स्वतंत्र बोर्ड १९४९ पासून. तिथे पाच वर्षांची जनरल सर्जरी झाल्यावर एक वर्ष कोलोरेक्टल, जागा मॅच नावाच्या देशभराच्या जागावाटपातून मिळते. तिथलं बोर्ड सर्टिफिकेट हवं असेल तर यूएसएमएलई ही तिथली परीक्षा देऊन तिथली सर्जरी रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते, म्हणजे आपल्या एमएसनंतर अजून सहा वर्षं, हे घरच्यांशी आधीच बोलून घे.

इंग्लंडात एमटीआय नावाची योजना आहे, आपल्यासारख्या देशांतले डॉक्टर जास्तीत जास्त चोवीस महिने तिथे ट्रेनिंग घेऊन परत येतात. सेंट मार्क्सचं आकर्षण सगळ्यांना असतं आणि ते खरं आहे. फ्रेडरिक सॅल्मन नावाच्या सर्जननं १८३५ साली लंडनमध्ये सात खाटांवर ते सुरू केलं, फक्त याच आजारांच्या गरिबांसाठी, कारण बाकीच्या ठिकाणी या लोकांकडे बघायला कोणी तयार नव्हतं. चार्ल्स डिकन्सच्या भगंदराचं ऑपरेशन १८४१ मध्ये याच सॅल्मननं केलं, तेही भूल नसताना. पुढे मूळव्याधीचं मिलिगन-मॉर्गन ऑपरेशन, ड्यूक्सचं कॅन्सरचं स्टेजिंग, पार्क्सचं भगंदर, सगळं तिथलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तिथल्या सर्जरीच्या फेलोशिपनंतर दोन वर्षांचं कोलोरेक्टल ट्रेनिंग असतं.

एमएसनंतर लगेच महिनाभराची ऑब्झर्व्हरशिप करून काही होत नाही, नुसतं बघून येतो. आधी इथे हात बसव, मग तीन-सहा महिने एका ठरलेल्या गोष्टीसाठी जा, म्हणजे पाउच सर्जरी (लहान आतड्याचीच पिशवी करून रेक्टमच्या जागी जोडणं) किंवा पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू), तेव्हा काय बघायचं ते कळतं.

रोबोट शिकलाच पाहिजे का?

मिळाला तर शिक, अरुंद पेल्विसमध्ये त्याचा उपयोग होतो. पण त्यावरून युनिट निवडू नकोस. ओपन आणि लॅप्रोस्कोपी चांगली आली पाहिजे, कारण तू जिथे जाशील तिथे रात्री दोन वाजता फुगलेलं आतडं घेऊन जो पेशंट येईल त्याला रोबोट लागणार नाही.

मुलीनं ही ब्रँच घ्यावी का? लग्न जमेल का असं आई विचारते.

काकू, जमतं, माझं जमलं. आणि या ब्रँचला मुलींची किती गरज आहे ते मी रोज बघते. बाळंतपणात फाटल्यामुळे वीस वर्षं कंट्रोलचा त्रास सोसणाऱ्या बायका आहेत, त्या पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडत नाहीत, तपासू तर देतच नाहीत. धारवरून एक आजी नातीला घेऊन येतात, दार लावून घेतात आणि मग हळू आवाजात सांगायला लागतात. नातीला आधी बाहेर पाठवतात. तुमच्या मुलीला हे काम आवडत असेल तर तिला अडवू नका. रात्रपाळ्या कष्टाच्या आहेत, पण त्या गायनॅकमध्येही आहेतच की.

शिक्षण संपणार कधी? वय किती होतं?

एमबीबीएस इंटर्नशिप धरून साडेपाच, एमएस तीन, मग फेलोशिप एक-दोन किंवा एमसीएच तीन. कुठेही वर्ष न गमावता अठराव्या वर्षी सुरू केलं तरी तिशी जवळ येते, आणि बॉन्डची सेवा, परीक्षांचे अटेम्प्ट धरले तर बत्तीस-तेहतीस. स्टायपेंड प्रत्येक ठिकाणी वेगळा, एमएसनंतरच्या कन्सल्टंटपेक्षा नक्की कमी. जॉइन व्हायच्या आधी स्टायपेंड, सुट्ट्या, डिपॉझिट आणि मध्येच सोडल्यावर काय, हे सगळं लेखी घ्या.

परत येऊन इंदूरला काम मिळेल का?

एवढंच सांगते की अवंतिका एक्सप्रेसमध्ये मुंबईला निघालेल्या पेशंटांमधले कितीतरी असे असतात ज्यांचं ऑपरेशन इथेच व्हायला हवं. देवास, उज्जैन, धार, झाबुआ, बडवानी, खंडवा, सगळा माळवा-निमाड इंदूरलाच येतो. आयुष्मानमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कव्हर आहे त्यामुळे कॅन्सरचा गरीब पेशंटही आता ऑपरेशनपर्यंत पोचतो. पहिली दोन वर्षं फक्त कोलोरेक्टलवर घर चालणार नाही, हर्निया-पित्ताशय करावंच लागेल, मीही केलं. हळूहळू जनरल सर्जन मित्रच गुंतागुंतीच्या केसेस पाठवायला लागतात, जर तू त्यांचा पेशंट त्यांनाच परत पाठवलास तर.

मी आत्ता सेकंड इयर रेसिडेंट आहे. आजपासून काय करू?

एक वही कर. ज्या ज्या पेशंटची गुदतपासणी करशील त्याचं चित्र त्यात काढ, घड्याळासारखं, बारा वाजता काय लागलं, सहा वाजता काय, स्नायू आवळायला सांगितल्यावर बोटावर किती दाब आला. रोज दोन. मग ऑपरेशनला उभं राहून बघ तुझं चित्र बरोबर होतं का, एमआरआय असेल तर त्याच्याशी जुळवून बघ. माझी पहिली शंभरेक चित्रं अर्धी चुकीची आहेत, वही अजून आहे.

आणि तू असिस्ट केलेल्या प्रत्येक भगंदराच्या पेशंटचा नंबर लिहून ठेव. तीन महिन्यांनी फोन कर. जखम भरली का हे तर विचारच, पण त्याच्या पुढे विचार की वारा अडवता येतो का, पातळ झालं तर बाथरूमपर्यंत पोचता का, कपडा ठेवावा लागतो का. पहिल्यांदा ते 'सब ठीक है' म्हणतील. थोडं थांब, फोन ठेवू नकोस.